रुपयातले नऊ आणे

१९२१ च्या मे महिन्यापासून पुढे वर्षभर सरकारी माणसं छापील तक्ते घेऊन गिरणगावातल्या चाळी चढत-उतरत होती. घरात खाणारी तोंडं किती, कमावणारी किती, महिन्याला तांदूळ किती लागतो, डाळ किती, घासलेट किती, जळण किती, भाडं किती, कपड्यालत्त्याला किती, आणि सावकाराचं देणं किती, असं सगळं त्यांना विचारायचं होतं. सुमारे अडीच हजार कुटुंबांचा आणि शहरात एकट्याने राहणाऱ्या सहाशे पुरुषांचा घरखर्च असा कागदावर उतरला. काम मुंबई सरकारच्या नव्या लेबर ऑफिसचं होतं आणि त्याचे प्रमुख होते संख्याशास्त्राचे जाणकार जी. फिंडले शिरस. १९२३ मध्ये अहवाल छापून आला. मुंबईच्या कष्टकऱ्याच्या घरात पैसा येतो किती आणि जातो कुठे, याचा इतका तपशीलवार लेखी पुरावा पहिल्यांदाच हाती आला होता.

सरकारला ही चौकशी करावीशी वाटली त्यामागे संपांची धास्ती होती. पहिल्या महायुद्धात परदेशी कापडाची आयात आटली आणि मुंबईच्या गिरण्यांनी अमाप नफा कमावला. धान्य, कापड, घासलेट सगळंच महागलं, मजुरी मात्र फार मागे राहिली. १९१८ साली पाऊस दगा देऊन गेला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने चाळीच्या चाळी आजारी पडल्या. जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार कामावरून बाहेर पडले. तेव्हा त्यांच्यामागे एकही भक्कम संघटना नव्हती. वर्षभराने, जानेवारी १९२० मध्ये, पुन्हा संप झाला आणि त्यातून दहा तासांचा दिवस पदरात पडला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारला कळून चुकलं की या माणसांच्या पोटात काय चाललंय हे ठाऊक नसताना हे शहर चालवता येणार नाही.

अहवालाने जे दाखवलं ते शंभर वर्षांनी वाचतानाही अंगावर येतं. कुटुंबातल्या सगळ्यांची कमाई धरून महिन्याचं सरासरी उत्पन्न सुमारे बावन्न रुपये होतं. दर रुपयातले नऊ आणे नुसत्या खाण्यावर जात. भाडं, जळण आणि कपडे मिळून चार आणे. उरलेल्या तीन आण्यांत औषधपाणी, लग्नकार्य, गावची वर्गणी, दाढी-हजामत, विडी-तंबाखू आणि व्याज. नऊ आणे खर्चून ताटात येत होतं ते मुख्यतः भात आणि भाकरी. दूध, तूप, साखर या वस्तू नावापुरत्या. शिरस यांनी कामगाराच्या आहाराची तुलना सरकारनेच ठरवलेल्या दोन मापांशी केली. एक माप दुष्काळी कामावरच्या मजुरांसाठी होतं, दुसरं तुरुंगातल्या कैद्यांसाठी. निष्कर्ष असा निघाला की गिरणी कामगार दुष्काळी नियमांत बसणारं जास्तीत जास्त धान्य खातो, पण मुंबई इलाख्याच्या तुरुंगात कैद्याला ठरवून दिलेल्या आहारापेक्षा त्याचं खाणं कमी आहे.

ज्या शहराच्या कापडाने पेढ्या आणि बंगले उभे केले, त्या कापडावर राबणाऱ्याचं पान कैद्यापेक्षा हलकं होतं, हे सरकारच्याच माणसाने सरकारी छापखान्यात छापून ठेवलं. गिरणगावाविषयी पुढे पुष्कळ लिहिलं गेलं, पण माझ्या मते या एका तुलनेइतकं वजनदार थोडंच असेल.

पाहणीतल्या शंभरापैकी सत्त्याण्णव कुटुंबं एका खोलीत राहत होती. शंभरापैकी सत्तेचाळीस कर्जात होती. हे कर्ज कसं होत होतं ते नीट पाहायला हवं. तेव्हाचे पुष्कळ शहाणेसुरते त्याचं खापर कामगाराच्या दारूवर, लग्नातल्या उधळपट्टीवर आणि अडाणीपणावर फोडत. दारू होती, लग्नं होती, पण कर्जाचं मूळ पगार देण्याच्या रीतीतच होतं.

मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याचा होता आणि तोही पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या दरम्यान वाटला जाई. कोकणातून आलेला पोरगा आज साच्यावर उभा राहिला तर पहिला पैसा दिसायला त्याला सहा आठवडे लागत. तोवर तो खाणार काय? कोपऱ्यावरचा वाणी त्याच्या नावाने वहीत पान उघडी. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा, आणि उधारी असल्यामुळे दुसऱ्या दुकानात जायची सोय नाही. पगार झाला की वाण्याचं देणं फेडायचं आणि त्याच दिवशी नवी उधारी सुरू करायची. एखादं आजारपण निघालं, गावाकडे कुणी गेलं, बहिणीचं लग्न ठरलं, की वाण्याच्या वहीने भागत नसे. मग सावकार. नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा. तीस रुपये घेतले तर महिन्याला तीस आणे व्याज, वर्षाला साडेबावीस रुपये, आणि मुद्दल जिथल्या तिथे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर वसुलीला माणसं उभी असत. त्यांत पठाण सावकारांचा दरारा मोठा होता, पण कर्ज देणारे तेवढेच नव्हते. वाणी, मारवाडी, चाळीतला चार पैसे बाळगून असलेला शेजारी आणि गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, सगळेच व्याजावर पैसे लावत.

मधल्या सहा आठवड्यांचा पगार मालकाकडे अडकलेला असे. कामगाराने सूचना न देता काम सोडलं तर तो बुडे. म्हणजे मालकाकडे कामगाराची मजुरी बिनव्याजी पडून होती आणि तोच कामगार पंचाहत्तर टक्के व्याजाने दुसऱ्याकडून पैसे उचलत होता. याला उधळपट्टी म्हणणारे लोक कोणत्या चाळीत राहत होते, असा प्रश्न पडतो.

शिवाय पगार महिनाभराचा मिळेलच याची खात्री नव्हती. पहाटे भोंगा व्हायच्या आधी प्रत्येक गिरणीच्या फाटकाशी माणसांचा घोळका जमे. हे बदली कामगार. आत कुणाचा खाडा पडला तर त्याच्या जागी आजचा दिवस मिळायचा, नाहीतर परत खोलीवर. कुणाला आत घ्यायचं ते जॉबर ठरवी. कामाला लावणारा तो, काढणारा तो, खोली बघून देणारा तो, वाण्याकडे शब्द टाकणारा तो आणि अडीनडीला कर्ज देणाराही तोच. या सगळ्याबद्दल त्याला दस्तुरी द्यावी लागे. त्याला निव्वळ खलनायक ठरवणं सोपं आहे, पण तो बहुधा आपल्याच गावाकडचा असे आणि त्याची पतही त्याच्या माणसांवरच टिकून असे. माणसं उलटली, दुसऱ्या खात्यात गेली, तर साहेबापुढे त्याची किंमत उरत नसे. गिरण्यांना मात्र ही व्यवस्था फार सोयीची पडली. माल खपला की माणसं वाढवायची, मंदी आली की फाटक बंद, आणि रिकाम्या माणसाला जगवण्याची जबाबदारी कुणाचीच नाही.

बायकांची मजुरी पुरुषांच्या जवळपास निम्मी. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत त्या काम करत आणि त्यांच्यावर नायकीण, म्हणजे बाई मुकादम, असे. १९२१-२२ मध्ये सरकारने डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंना कामकरी स्त्रियांच्या प्रकृतीची पाहणी करायला नेमलं. त्या खोल्याखोल्यांतून फिरल्या आणि त्यांना दिसलं की गिरणीत जाणाऱ्या जवळपास प्रत्येक आईच्या तान्ह्या मुलाला अफू दिली जाते. बाळगोळी म्हणून ती सर्रास मिळायची. सकाळी गोळी चाटवली की मूल दिवसभर निपचित पडून राही. आई दहा तास कामावर, खोलीत दुसरं माणूस नाही, असलंच तर एखादी म्हातारी किंवा सात-आठ वर्षांची मुलगी. मुलाला अफू देणाऱ्या आईला दोष देण्याआधी तिच्यापुढे दुसरा कोणता रस्ता मोकळा होता ते सांगावं लागेल. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकं वर्षाच्या आत दगावली. बाळंतपणाला बायका गावी जात आणि मूल घेऊन परत येत, त्यामुळे जन्माची नोंद गावची आणि मृत्यूची मुंबईची, असं बरेचदा होई आणि आकडा फुगे. ते वजा केलं तरी उरतं ते भयंकरच आहे.

ज्यांना गिरणीत काम नव्हतं त्या बायकांनी खोलीतच खानावळ घातली. सकाळी भोंग्याआधी दहा-पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापून डबे भरायचे, संध्याकाळी पुन्हा चूल पेटवायची आणि हिशेब पगारानंतर. गिरणीने अडकवलेल्या पगाराचा भार असा या बाईच्या पिठाच्या डब्यापर्यंत येऊन पोचे. तिने उधार वाढलं म्हणून माणसं महिनाभर साच्यावर उभी राहू शकली. कमाईच्या तक्त्यात तिच्या कष्टाला जेमतेम जागा मिळाली.

मजुरीत जातीचाही वाटा होता. गिरणीतलं बरे पैसे देणारं काम साचेखात्यात, म्हणजे विणकामात, आणि ते खातं अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद. कारण असं सांगत की धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून घ्यावं लागतं, आणि एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या हाती जातो. कोकणातून आणि घाटावरून गावची शीव ओलांडून आलेल्या महारांना मुंबईच्या यंत्राशीसुद्धा तीच शीव भेटली. त्यांच्या वाट्याला कमी मजुरीची खाती आली. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. समान मजुरीची भाषा करणाऱ्या कामगार पुढाऱ्यांना या भेदावर बोट ठेवायला फार उशीर लागला, हे नमूद करायलाच हवं.

एवढ्या तुटपुंज्या कमाईत हे शहर तगलं कसं? माझं उत्तर आहे: गावाच्या जिवावर. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती पावणेबारा लाख होती आणि त्यातली शंभरातली चौऱ्याऐंशी माणसं शहराबाहेर जन्मलेली होती. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले दोन लाखांहून अधिक लोक इथे होते. दर हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास. बायको, म्हातारे आईवडील आणि लहान मुलं गावी राहत. नाचणी-भाताची जमीन अपुरी, म्हणून मुलगा आगबोटीने मुंबईला येई आणि मनीऑर्डर धाडी. मनीऑर्डरवर कोकण जगतं, असं आपण नेहमी म्हणतो. व्यवहाराची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. मुलाला वाढवून, अंगात बळ आल्यावर गिरणीकडे धाडलं ते गावाने. आजारी पडला, संप झाला, गिरणी बंद पडली की त्याला जेवू घातलं ते गावाने. हातपाय थकल्यावर परत घेतलं तेही गावाने. गिरणीने फक्त कामाच्या तासांचे पैसे मोजले. शहरातली खोलीही गावच्याच नावाची असे. गावकरी मंडळाच्या एका गाळ्यात पाळीपाळीने वीस-पंचवीस जण झोपत, प्रत्येकाची ट्रंक भिंतीशी आणि वळकटी दोरीवर.

अहवाल छापून झाला आणि त्याच वर्षाअखेर मालकांनी बोनस नाकारला. युद्धानंतर चार-एक वर्षं महिन्याभराच्या पगाराएवढा बोनस मिळत आला होता आणि कामगाराने तो वर्षाच्या देण्यात धरलेला होता. जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने बोनसवर कामगारांचा हक्क पोचत नाही असा निवाडा दिला आणि मार्चमध्ये संप मोडला. पुढच्या वर्षी मालकांनी थेट मजुरीतच साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. जपानी स्पर्धा, मंदी आणि देशी कापडावरचा अबकारी कर ही त्यांची कारणं. सप्टेंबर ते डिसेंबर १९२५ गिरण्या थंड राहिल्या. शेवटी व्हाइसरॉयने तो कर स्थगित केला आणि मालकांनी कपात मागे घेतली. तीन महिने उपाशी बसले कामगार आणि त्यातून मालकांचा करही गेला.

१९२८ चा संप याहून मोठा. आता मालकांना त्याच माणसांकडून जास्त यंत्रं चालवून घ्यायची होती. दोन साच्यांवरच्या विणकराने तीन सांभाळायचे, एका बाजूच्या कातणाऱ्याने दोन्ही. माणसं कमी होणार हे सांगायला कुणी पंडित लागला नाही. २६ एप्रिलपासून सगळ्या शहरात संप सुरू झाला आणि ६ ऑक्टोबरपर्यंत टिकला. गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, याच संपात उभी राहिली. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर ही नावं घरोघरी झाली, पण युनियनचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीत राबलेले होते. ना. म. जोशी यांच्यासारखे मवाळ पुढारीही संपाच्या संयुक्त समितीत बसले.

साडेपाच महिने बिनपगारी काढायचे म्हणजे काय, ते त्या उधारीच्या वह्यांवरून समजून घ्यावं. पावसाळा तोंडावर होता. हजारो माणसं आगबोटीने आणि रेल्वेने गावी निघून गेली, शेतीच्या कामाला लागली. जे उरले त्यांतल्या गरजूंना समितीने धान्य वाटलं. देशातून-परदेशातून कामगार संघटनांची मदत आली. वाण्यांनी काही काळ दम धरला, मग हात आखडला. खानावळवाल्या बायकांनी वाढणं चालू ठेवलं, कारण त्यांचं मागचं येणंही याच माणसांकडे होतं. वादाच्या चौकशीसाठी फॉसेट समिती नेमली गेल्यावर संप मिटला आणि वर्षअखेर युनियनचे सभासद चौपन्न हजारांवर गेले. लगेच फेब्रुवारी १९२९ मध्ये शहरात दंगल उसळली, तिची सुरुवात पठाण मुलं पळवतात या खोट्या अफवेने झाली. सावकारीचा साचलेला राग त्या अफवेला खतपाणी घालून गेला असं मला वाटतं. मेले ते मात्र बहुतेक निरपराध. मार्चमध्ये सरकारने पुढाऱ्यांना कटाच्या आरोपाखाली मेरठ खटल्यात उचललं. आळवे आणि कासले हे गिरणीतले दोघेही त्यांत होते. त्याच वर्षीचा पुढचा संप फसला आणि लाल बावटा खिळखिळा झाला.

सुधारणा झाल्या, पण सावकाश. १९२९ च्या मुंबईच्या कायद्याने बाळंतीण कामगार बाईला रोज आठ आणे भत्ता मिळू लागला. कौन्सिलात बाबासाहेबांनी त्या विधेयकाची बाजू घेतली होती. त्याआधीच सरकारने कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवून वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे २०७ बीडीडी चाळी बांधल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. भाडं कामगाराच्या ऐपतीबाहेरचं ठरल्यामुळे त्यांतल्या हजारो खोल्या कित्येक वर्षं रिकाम्या पडून होत्या, आणि शेजारीच माणसं पाळीपाळीने झोपत होती. १९३२-३३ मध्ये लेबर ऑफिसने पुन्हा घरखर्च तपासला, तेव्हा कर्जबाजारी कुटुंबं तीन-चतुर्थांशाच्या आसपास निघाली.

आणि तो अडकलेला पगार? १९३६ साली वेतन अदायगीचा कायदा झाला. हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात पगार पुढच्या दहा तारखेच्या आत, त्याहून लहान कारखान्यात सात तारखेच्या आत द्यावा, असं त्याने बंधन घातलं. दंड किती आणि कशासाठी कापायचा यालाही मर्यादा आली. शिरस यांच्या अहवालाला तेव्हा तेरा वर्षं झाली होती.

२०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या साडेपाचशेहून अधिक कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. बाकीची हळूहळू हलतील. सरकारी अहवाल दप्तरांत सुरक्षित आहेत. मनीऑर्डरच्या पावत्या, पगाराची पाकिटं, गावकरी मंडळाच्या वर्गणीच्या वह्या, आजीच्या खानावळीचा हिशेब मात्र माळ्यावरच्या ट्रंकांत आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. तुमच्या घरात अशी ट्रंक असेल, तर सामान हलवताना ती रद्दीवाल्याला देऊ नका. आधी उघडून वाचा, जाणत्या म्हाताऱ्यांना दाखवा, आणि एखाद्या संग्रहालयाकडे किंवा विद्यापीठाकडे सोपवा.